अस्फाल्टाचे जरण व त्याचे मापन

रस्त्याच्या पृष्ठभागात खडी व वाळू यांना एकत्र बांधून ठेवणारे अस्फाल्ट काळानुसार कठीण, ताठर व अखेरीस ठिसूळ होत जाते. या बदलास अस्फाल्टाचे जरण असे म्हणतात. हे जरण किती झाले आहे आणि पुढे ते किती वेगाने होईल, हे ठरविण्याच्या पद्धतींचा विकास एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून मुख्यतः अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत झाला. नेदर्लंड्स, ऑस्ट्रेलिया, बेल्जियम इ. देशांतील संशोधनाचीही त्यात मोलाची भर पडली.

व्यवहारात ज्याला सरसकट ‘डांबर’ म्हटले जाते, ते आजच्या रस्त्यांत बहुधा दगडी कोळशापासून मिळणारे डांबर नसते. खनिज तेलाचे ऊर्ध्वपातन केल्यावर मागे राहणारा तो जड, काळा पदार्थ असतो. अमेरिकेत त्याला अस्फाल्ट, तर ब्रिटन व भारत येथील तांत्रिक लिखाणात बिट्युमेन म्हणतात. प्रस्तुत नोंदीत अस्फाल्ट ही संज्ञा या बंधक पदार्थासाठीच वापरली आहे.

रस्त्याच्या मिश्रणात अस्फाल्टाचे प्रमाण वजनाने सुमारे ५ टक्केच असते आणि खडीच्या कणांवर त्याचे पटल काही मायक्रॉन जाडीचे (१ मायक्रॉन = मीटरचा दशलक्षांश भाग) असते. एवढ्या पातळ पटलावर रस्त्याचे आयुष्य अवलंबून असते. पटल लवचिक असेतोवर वाहनांच्या भाराखाली व थंडीतील आकुंचनाने पडणारा ताण ते सोसते. ते ठिसूळ झाले की प्रथम बारीक कण सुटतात, मग खडी उखडते, भेगा पडतात व त्यांतून पाणी खालच्या थरांत शिरते. येथपर्यंत पोहोचण्यास रस्त्याला दहा-पंधरा वर्षे लागू शकतात. अस्फाल्ट विकत घेणाऱ्याला मात्र ते कारखान्यातून येते त्याच दिवशी स्वीकारायचे की नाकारायचे हे ठरवावे लागते. दहा वर्षांचे उत्तर काही तासांत मिळविण्याची ही गरज जरणाच्या मापनाच्या सर्व इतिहासामागे आहे.

जरण सर्वच परिस्थितींत सारख्या वेगाने होत नाही. मोहें-जो-दडो येथील महास्नानगृहात पाणी झिरपू नये म्हणून घातलेला बिट्युमेनाचा थर चार हजारांहून अधिक वर्षांनी झालेल्या उत्खननात ओळखता येण्याजोगा सापडला. विटांच्या आड व मातीखाली हवा आणि ऊन यांपासून तो सुरक्षित राहिला होता. रस्त्यातील अस्फाल्टाच्या वाट्याला याच्या उलट परिस्थिती येते. मिश्रण तयार करताना ते सुमारे १५०° ते १६०° से. तापमानाला खडीवर पातळ पसरले जाते. या मिनिट-दोन मिनिटांच्या मिश्रणात व नंतरच्या वाहतुकीत त्याची श्यानता (दाटपणा, प्रवाहाला होणारा विरोध) दुपटीने ते चौपटीने वाढते. त्यानंतर वर्षानुवर्षे ते उन्हात तापलेल्या रस्त्यात हवेच्या सान्निध्यात राहते. यांतील पहिल्या क्रियेला अल्पकालीन व दुसरीला दीर्घकालीन जरण म्हणतात. हा भेद आज उघड वाटत असला, तरी मापनपद्धतींत तो स्पष्टपणे उतरण्यास विसाव्या शतकाचा बराच काळ जावा लागला.

प्रारंभीच्या परीक्षा : बेल्जियन रसायनशास्त्रज्ञ एडमंड डी स्मेट यांनी १८७० मध्ये न्यूअर्क (न्यू जर्सी) येथे अमेरिकेतील पहिला अस्फाल्टी रस्ता केला. १८७६ मध्ये वॉशिंग्टन येथील पेनसिल्व्हेनिया अ‍ॅव्हेन्यूवर त्रिनिदाद बेटावरील सरोवरातील नैसर्गिक अस्फाल्ट वापरण्यात आले. त्या काळी अस्फाल्टाचा कठीणपणा अजमाविण्याची रूढ रीत म्हणजे त्याचा तुकडा दाताखाली चावून पाहणे ही होती. अनुभवी माणसाचा अंदाज पुष्कळदा बरोबर येई. पण त्याचे दात दुसऱ्या शहरातील कंत्राटदाराला पुरावा म्हणून दाखविता येत नसत. १८८८ मध्ये बार्बर अस्फाल्ट पेव्हिंग कंपनीतील एच्. सी. बोवेन यांनी वेधनमापक तयार केला. ठरावीक भाराची सुई ठरावीक वेळात अस्फाल्टात किती खोल शिरते, हे त्यावरून कळू लागले. या परीक्षेच्या पुढे रूढ झालेल्या प्रमाण रूपात १०० ग्रॅ. भार, २५° से. तापमान व ५ सेकंद वेळ असून सुई जेवढे दशांश मिलिमीटर आत जाईल तेवढे त्या अस्फाल्टाचे वेधन मानतात. रस्त्याच्या कामात अनेक दशके प्रचलित असलेले ‘८०/१००’ वा ‘६०/७०’ हे प्रकार म्हणजे वेधनाच्याच मर्यादा होत.

ए. डब्ल्यू. डो यांनी या उपकरणात सुधारणा केल्या. १९०३ मध्ये त्यांनी तन्यतेची परीक्षाही मांडली. तीत साच्यात ओतलेला अस्फाल्टाचा तुकडा पाण्यात ठेवून दोन्ही टोकांनी सावकाश ताणतात व तुटण्यापूर्वी त्याचा धागा किती सेंटीमीटर लांबतो हे पाहतात. वेधनावरून पदार्थ किती कठीण आहे हे समजते, तर तन्यतेवरून तो तुटण्यापूर्वी किती ओढ सोसतो याची कल्पना येते. पुढील सत्तर-ऐंशी वर्षांत तन्यतेची उपेक्षाच अधिक झाली. तिच्याकडे पुन्हा वळण्याची वेळ कशी आली, ते पुढे येईल. अस्फाल्ट तापवून त्यातील बदल पाहण्याची कल्पनाही डो यांच्याच काळातील आहे. तीतून ‘तापनजन्य घट’ ही परीक्षा रूढ झाली. तीत ५० ग्रॅ. अस्फाल्ट लहान डब्यात घालून १६३° से. तापमानाच्या भट्टीत पाच तास ठेवीत आणि वजन किती घटले व उरलेल्या पदार्थाचे वेधन किती उतरले हे मोजीत. यामागे जरण म्हणजे मुख्यतः बाष्पनशील तेले उडून जाणे, अशी समजूत होती.

ही समजूत अपुरी आहे, हे प्रेव्हो हबर्ड व सी. एस्. रीव्ह यांनी १९१३ मध्ये दाखविले. त्यांनी अस्फाल्टाचे नमुने वर्षभर उघड्यावर ठेवून त्यांचे वजन, कठीणपणा व विद्राव्यता यांत पडलेला फरक तपासला. बाष्पीभवनाच्या जोडीने हवेतील ऑक्सिजनाचा संयोगही होत असला पाहिजे, असा त्यांचा निष्कर्ष होता. येथे वजनाच्या काट्याची एक फसगत उघड होते. तेल उडून गेल्याने वजन घटते, तर ऑक्सिजन जोडला गेल्याने ते वाढते. दोन्ही क्रिया एकदम चालू असतील, तर नमुना बराच बदलूनही काटा जवळजवळ जागचा हलत नाही.

रस्त्यातून अस्फाल्ट परत मिळविणे : प्रयोगशाळेतील भट्टी खरे बोलते की नाही, हे ठरविण्यासाठी जुन्या रस्त्यातील अस्फाल्ट हाती येणे आवश्यक होते. विद्रावकात विरघळवून ते खडीपासून सोडविणे अवघड नव्हते. विद्रावक काढून टाकताना अस्फाल्ट न बिघडविणे अवघड होते. शिकागो येथील जीन अ‍ॅब्सन यांनी १९३३ मध्ये यासाठी उपकरण व रीत दिली. बेंझिनातील विद्रावातून प्रथम बारीक खनिज कण वेगळे करून मग कार्बन डाय-ऑक्साइडाचा प्रवाह सोडत ऊर्ध्वपातन केले जाई. बेंझिनाच्या विषारीपणामुळे पुढे इतर विद्रावक आले, तरी अ‍ॅब्सन यांची पद्धत मूळ तत्त्वाने टिकून राहिली. तिची मर्यादाही तेवढीच चिवट आहे. विद्रावकाचा अल्पांश मागे राहिला, तर म्हातारे अस्फाल्ट तरुण भासते. तो घालविण्यासाठी जास्त तापविले, तर प्रयोगशाळाच त्यात चार वर्षांची भर घालते.

तरीही या पद्धतीमुळे रस्त्याची स्थिती व त्यातील अस्फाल्टाचा कठीणपणा यांची सांगड प्रथमच घालता आली. हबर्ड व गोलोम यांनी १९३७ मध्ये भेगाळलेल्या व सुस्थितीतील रस्त्यांचा अशा प्रकारे अभ्यास केला. परत मिळविलेल्या अस्फाल्टाचे वेधन ३० हून अधिक असेल, तर रस्ता बहुधा चांगला असतो आणि ते २० च्या खाली गेले की भेगा बळावतात, असा ठोकताळा त्या काळातील अभ्यासांतून रूढ झाला. मात्र त्याला अपवाद बरेच होते. वेधन सारखेच असलेल्या दोन रस्त्यांपैकी एक तडकलेला व दुसरा धडधाकट, असे दृश्य अभियंत्यांना वारंवार दिसे.

पातळ पटलाच्या भट्ट्या : तापनजन्य घट मोजण्याच्या डब्यात अस्फाल्टाचा थर सुमारे दोन सेंमी. जाड असे. खडीवरील पटलाशी तुलना करता ही जाडी हजारपटींहून अधिक होय. अमेरिकेच्या सार्वजनिक रस्ते विभागातील आर्. एच्. ल्युइस व जे. वाय. वेलबॉर्न यांनी १९४० मध्ये तेच ५० मिलि. अस्फाल्ट १४० मिमी. व्यासाच्या सपाट ताटलीत ओतले. त्यामुळे थराची जाडी ३·२ मिमी. झाली. तापमान १६३° से. व अवधी पाच तास हे पूर्वीचेच ठेवले. वरवर किरकोळ वाटणाऱ्या या बदलाने, जुन्या परीक्षेत सारखीच भासणारी अस्फाल्टे एकमेकांपासून वेगळी ओळखू येऊ लागली. ही ‘पातळ पटल भट्टी परीक्षा’ अमेरिकेतील राज्य महामार्ग अधिकाऱ्यांच्या संघटनेने १९५९ मध्ये व तेथील परीक्षण-मानक संस्थेने १९६९ मध्ये स्वीकारली. तिचा मूळ हेतू मिश्रण करतानाच्या जरणाची नक्कल करणे एवढाच होता.

या परीक्षेतही ताटलीतील अस्फाल्ट निश्चल राहत असल्याने त्यावर साय धरे व खालचा भाग हवेपासून वाचे. कॅलिफोर्नियाच्या महामार्ग विभागातील फ्रान्सिस एन्. व्हीम, अर्नेस्ट झुबी व जॉन स्कॉग यांनी १९६३ मध्ये यावर तोड सुचविली. काचेच्या आठ बाटल्यांत प्रत्येकी ३५ ग्रॅ. अस्फाल्ट घालून त्या भट्टीत उभ्या चक्रावर आडव्या बसवितात व मिनिटाला १५ फेरे या गतीने फिरवितात. प्रत्येक बाटलीच्या तोंडाशी तापलेल्या हवेचा झोत येतो. फिरण्यामुळे सतत नवे, सव्वा मिलिमीटरच्या सुमाराचे पटल उघडे पडते आणि पाच तासांचे काम ८५ मिनिटांत उरकते. फिरत्या पटलाची ही परीक्षा आजही जगभर रूढ आहे.

दीर्घकालीन जरणाकडे याच सुमारास दुसऱ्या वाटेने जाण्याचे प्रयत्न झाले. शेल कंपनीच्या प्रयोगशाळेतील ग्रिफिन, माइल्स व पेंथर यांनी १९५५ मध्ये काचेवर केवळ ५ मायक्रॉन जाडीचे पटल पसरून ते १०७° से. तापमानाला दोन तास ठेवले. एवढ्या थोड्या पदार्थाची श्यानता मोजण्यासाठी दोन काचपट्ट्या एकमेकींवर सरकवून विरोध मोजणारा सूक्ष्म श्यानतामापक वापरला. जरणानंतरची श्यानता भागिले मूळ श्यानता या गुणोत्तराला ‘जरण निर्देशांक’ हे नाव मिळाले व ते शास्त्रीय लिखाणात कायमचे रुळले. याच कंपनीच्या ॲम्स्टरडॅम येथील प्रयोगशाळेत पी. व्हान ऊर्ट यांनी १९५६ मध्ये अंधारातील जरणाचा अभ्यास करून ऑक्सिजनाचे अस्फाल्टात होणारे विसरण व त्याची रासायनिक विक्रिया यांचा एकत्रित हिशोब मांडला. अंधार निवडण्याला कारण होते. अस्फाल्ट प्रकाश इतका शोषते, की उन्हाचा थेट परिणाम पृष्ठभागावरील अतिसूक्ष्म थरापुरताच राहतो. रस्त्याच्या जाडीतील उरलेले जरण अंधारातच चालते.

झाका-विगमोर येथील प्रायोगिक रस्ता : कॅलिफोर्नियाच्या सांता बार्बरा परगण्यातून जाणाऱ्या महामार्गावर झाका व विगमोर यांच्या दरम्यान १९५० नंतरच्या दशकाच्या मध्यास बांधलेला प्रायोगिक रस्ता या इतिहासात महत्त्वाचा आहे. कॅलिफोर्नियात निरनिराळ्या तेलक्षेत्रांतील कच्च्या तेलापासून बनविलेली अस्फाल्टे एकाच वेधन-प्रतीच्या शिक्क्याखाली विकली जात. शासनाच्या दृष्टीने त्यांची किंमत व दर्जा सारखाच होता. रस्त्यांचा अनुभव मात्र वेगळा होता. एका पुरवठादाराच्या मालाचा रस्ता टिके, दुसऱ्याचा काही वर्षांत करडा पडून तडके. यात दोष अस्फाल्टाचा की खडीचा, कंत्राटदाराचा की वाहतुकीचा, हा वाद मिटत नसे. आणि तो न मिटण्यात सर्वच पक्षांची सोय होती. म्हणून एकाच रस्त्यावर, एकाच हवामानात व वाहतुकीखाली निरनिराळ्या उगमांची अस्फाल्टे खंडाखंडांनी वापरण्यात आली. ठराविक कालांतराने नमुने कापून त्यांतील अस्फाल्ट परत मिळविण्यात आले.

प्रारंभीचा अहवाल १९५९ मध्ये व अंतिम अहवाल १९६९ मध्ये प्रसिद्ध झाला. सारख्या प्रतीच्या अस्फाल्टांचे जरण रस्त्यात फार भिन्न वेगाने होते आणि तापनजन्य घटीसारख्या जुन्या परीक्षेला त्यांतील फरक आधी ओळखता येत नाही, हे यातून निर्विवाद झाले. फिरत्या पटलाच्या परीक्षेची घडण या रस्त्यावरील अनुभवाच्या कसोटीवर घासूनच झाली. मिशिगन राज्यातील अशाच एका प्रायोगिक रस्त्यातील अस्फाल्टाचा अठरा वर्षांच्या वापरानंतरचा वृत्तांत एल्. डब्ल्यू. कॉर्बेट व आर्. ई. मर्झ यांनी १९७५ मध्ये दिला. अशा अभ्यासांना पैसा थोडा लागतो, पण खातेप्रमुखांच्या कारकिर्दीहून दीर्घ चिकाटी लागते; त्यामुळे ते संख्येने कमीच झाले.

पोकळी व खोली : रस्त्यातून कापलेल्या नमुन्यांनी आणखी एक गोष्ट उजेडात आणली. जरण केवळ अस्फाल्टावर अवलंबून नसते. दबाई नीट झाली नाही, तर मिश्रणातील पोकळ्या एकमेकींना जोडलेल्या राहतात व हवा आत खेळते. जे. एफ्. गूड व एल्. ए. लफ्से यांनी १९६५ मध्ये पोकळीचे प्रमाण, हवेची पार्यता व पटलाची जाडी यांचा कठीणपणाशी असलेला संबंध मांडला. बी. ए. व्हलेर्गा व डब्ल्यू. जे. हॅल्स्टेड यांना १९७१ मध्ये असे आढळले, की पोकळी २ टक्क्यांहून कमी असलेल्या रस्त्यांत जरण नगण्य असते. रोलरच्या दोन फेऱ्या वाचविल्याने अस्फाल्टाचे आयुष्य किती घटते, हे त्यावरून कळावे. कून्स व राइट यांनी १९६८ मध्ये रस्त्याचे आडवे काप घेऊन दाखविले, की कठीणपणा वरच्या सुमारे ४ सेंमी.तच झपाट्याने बदलतो. संपूर्ण जाडीचा नमुना एकत्र विरघळविल्यास मिळणारा आकडा ही केवळ सरासरी असते. भेग मात्र पुष्कळदा सर्वांत म्हाताऱ्या थरात, म्हणजे वरच सुरू होते.

रासायनिक मापन : कॉर्बेट यांनी १९६९ मध्ये अस्फाल्टाचे संतृप्त, नॅप्थीन-ॲरोमॅटिक, ध्रुवीय ॲरोमॅटिक व अस्फाल्टीन असे चार भाग वेगळे करण्याची पद्धत दिली. जरणात संतृप्त भाग फारसा बदलत नाही, ॲरोमॅटिक भाग घटतो व अस्फाल्टीन वाढते. पण या भागांच्या प्रमाणावरून एखादे अस्फाल्ट केव्हा तडकेल हे सांगता येत नाही.

वायोमिंग राज्यातील लॅरमी येथे जे. क्लेन पीटरसन व त्यांचे सहकारी यांनी अवरक्त वर्णपटविज्ञानाच्या साहाय्याने ऑक्सिजन रेणूत नेमका कोठे जोडला जातो याचा शोध घेतला. जरणात प्रामुख्याने कीटोन व सल्फॉक्साइड हे गट तयार होतात आणि वर्णपटात ते दर सेंटीमीटरला अनुक्रमे सुमारे १,७०० व १,०३० तरंग या ठिकाणी शोषण-पट्टे दाखवितात. पट्ट्याचे क्षेत्रफळ वाढले म्हणजे जरण वाढले. वजनाच्या काट्याची फसगत येथे होत नाही. हे गट ध्रुवीय असल्याने रेणू एकमेकांना धरून ठेवतात व श्यानता वाढते. टेक्सस कृषी व यांत्रिकी विद्यापीठात चार्ल्स ग्लोव्हर, रिचर्ड डेव्हिसन इत्यादींनी १९९० नंतर दाखविले, की एका अस्फाल्टापुरते पाहिल्यास कीटोन-पट्ट्याची वाढ व श्यानतेच्या लॉगरिथमाची वाढ यांचा संबंध सरळ रेषेचा असतो. पण त्या रेषेचा चढ प्रत्येक अस्फाल्टाचा निराळा. ऑक्सिजनाची सारखीच मात्रा एकाला थोडी व दुसऱ्याला फार बाधते.

शिवाय ऑक्सिजनाशी संबंध नसलेले जरणही असते. आर्. एन्. ट्रॅक्सलर व एच्. ई. श्वायर यांनी १९३६ मध्ये नुसते ठेवलेले अस्फाल्ट काळानुसार दाट होत जाते हे मोजून दाखविले. रेणूंच्या पुनर्रचनेमुळे होणारे हे घट्टपण तापविल्यावर नाहीसे होते. रस्त्यातील अस्फाल्ट विरघळवून व तापवून परत मिळविताना ते पुसलेच जाते, म्हणून अ‍ॅब्सनच्या पद्धतीला त्याचा पत्ता लागत नाही. पुढे १९६३ मध्ये ट्रॅक्सलर यांनी अस्फाल्टाच्या गुणधर्मांवर परिणाम करणारी पंधरा कारणे नोंदविली.

दाबपात्र : तापमान न वाढविता जरणाचा वेग वाढवायचा, तर ऑक्सिजनाचा दाब वाढविणे हा एक मार्ग आहे. आयोवा राज्य विद्यापीठातील डी. वाय. ली यांनी १९७० च्या सुमारास पातळ पटल भट्टीतून काढलेले अस्फाल्ट ६६° से. तापमानाला वातावरणीय दाबाच्या २० पट दाबाच्या ऑक्सिजनात ठेवले. आयोवातील रस्त्यांशी ताडून पाहता अशा सुमारे ४६ तासांचा परिणाम ६० महिन्यांच्या वापराइतका ठरला. ६६° से. हे उन्हाळ्यातील तापलेल्या रस्त्याच्या आवाक्यातील तापमान आहे, हे या परीक्षेचे वैशिष्ट्य होय. मात्र दैनंदिन वापरास ती फार मंद होती.

१९८७ ते १९९३ या काळात अमेरिकेत महामार्ग संशोधनाचा एक मोठा राष्ट्रीय कार्यक्रम राबविण्यात आला. त्याच्या एकूण १५ कोटी डॉलरपैकी ५ कोटी अस्फाल्टासाठी होते. त्यातून ‘दाबपात्रातील जरण’ ही परीक्षा प्रमाण ठरली. फिरत्या पटलाच्या भट्टीतून काढलेले ५० ग्रॅ. अस्फाल्ट ताटलीत घालून ते २·१ मेगापास्काल दाबाच्या हवेत २० तास ठेवतात. तापमान हवामानानुसार ९०°, १००° किंवा ११०° से. असते. याने पाच ते दहा वर्षांच्या वापराइतके जरण होते असे मानले जाते. जरणानंतर वेधनाऐवजी पदार्थाची ताठरता व स्थितिस्थापकता आंदोलक यंत्राने, तर थंडीतील वर्तन छोट्या तुळईला वाकवून मोजतात. अशा रीतीने अल्पकालीन व दीर्घकालीन जरण या पद्धतीत एकापाठोपाठ दोन पायऱ्यांनी मोजले जाऊ लागले.

या २० तासांविषयी मतभेद राहिले. उष्ण प्रदेशातील रस्त्याच्या वरच्या थरात दहा वर्षांत होणारे जरण याहून बरेच अधिक असते. त्यामुळे अनेक प्रयोगशाळा हा अवधी ४० तास करतात. त्याहून मूलगामी आक्षेप तापमानाविषयीचा आहे. तापमान वाढविल्याने जरण केवळ वेगाने होते असे नव्हे, तर त्याचा प्रकारही बदलतो. रस्त्याच्या तापमानाला टिकणारे सल्फॉक्साइड गट उच्च तापमानाला मोडतात. त्यामुळे १६३° से.च्या भट्टीतून निघालेल्या पदार्थाची श्यानता रस्त्यातील जुन्या अस्फाल्टाइतकी असली, तरी रासायनिक दृष्ट्या तो तसाच असेल याची खात्री नाही. बेल्जियमच्या रस्ते संशोधन केंद्रात १९९० नंतर विकसित झालेली फिरत्या नळकांड्याची परीक्षा ८५° से.च्या आसपास ऑक्सिजनात कित्येक दिवस चालते. ऑस्ट्रेलियात २० मायक्रॉनचे पटल १००° से. तापमानाला ठेवून ठरावीक श्यानता येण्यास किती दिवस लागतात हे मोजतात. उत्तर कॅरोलायना राज्य विद्यापीठातील वाय. रिचर्ड किम इत्यादींच्या २०१८ मधील राष्ट्रीय अहवालानेही सुट्या मिश्रणाचे जरण ९५° से. तापमानाला करावे, १३५° से.ला नको, असेच सुचविले. किती दिवस ठेवायचे हे तेथील हवामानावर व थराच्या खोलीवर ठरते. शंभर वर्षांत परीक्षेची तापमाने अशी सावकाश रस्त्याच्या तापमानाकडे उतरत आली आहेत आणि त्या प्रमाणात परीक्षेचे तास पुन्हा वाढले आहेत.

तन्यतेचे पुनरागमन : नव्या यंत्रांनी ताठरता अचूक मोजली, तरी भेगांचे भाकीत समाधानकारक होईना. येथे पेनसिल्व्हेनिया राज्याच्या रस्ते विभागात काम केलेले भारतीय अभियंते पृथ्वीसिंह कांधल यांचा १९७७ मधील अभ्यास उपयोगी पडला. वेधन व श्यानता सारखी असलेल्या रस्त्यांपैकी कोणते बिघडतील हे १५·५° से. तापमानाच्या तन्यतेवरून सांगता येते, असे त्यांनी अनेक वर्षांच्या निरीक्षणावरून दाखविले होते. ग्लोव्हर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ मध्ये आंदोलक यंत्रातील मापनांपासून असे सूत्र काढले, की ज्याचे मूल्य कमी तापमानाच्या तन्यतेशी जुळते. २०११ मध्ये जेफ्री रो यांनी ते सुटसुटीत केले. ग्लोव्हर-रो राशी या नावाने ते ओळखले जाते. १५° से. तापमानाला ही राशी १८० किलोपास्कालपर्यंत पोहोचली की भेगांचा प्रारंभ व ६०० ला पोहोचली की गंभीर भेगा संभवतात. हे आकडे अनुक्रमे सुमारे ५ व ३ सेंमी. तन्यतेशी जुळणारे आहेत. डो यांच्या पाण्यातील धाग्याने जे सांगितले असते, तेच आता काही ग्रॅम नमुन्यावरून कळते.

जुना रस्ता खरवडून तेच मिश्रण पुन्हा वापरण्याची प्रथा वाढल्याने या मापनाला नवे महत्त्व आले आहे. पुनर्वापरातील अस्फाल्ट आधीच म्हातारे असते व ते किती मिसळावे हा प्रश्न ताज्या मालाच्या परीक्षांनी सुटत नाही. तसेच मृदू करण्यासाठी घातलेल्या काही तेलांमुळे अस्फाल्ट प्रारंभी सर्व अटी पुऱ्या करते, पण दीर्घ जरणानंतर झपाट्याने ठिसूळ होते.

भारत : भारतीय मानक संस्थेच्या ७३ क्रमांकाच्या मानकात २००६ पर्यंत वेधनावर आधारित प्रती होत्या. २००६ मधील सुधारणेने ६०° से. तापमानाच्या श्यानतेवर आधारित प्रती आल्या. पातळ पटल परीक्षेनंतर श्यानता मूळच्या चौपटीहून अधिक होऊ नये, अशी अट त्यांत आहे. तन्यतेचीही किमान मर्यादा आहे. ही दोन्ही मापने अल्पकालीन जरणाची आहेत. दाबपात्रातील दीर्घकालीन जरणाची परीक्षा बहुवारिक-मिश्रित अस्फाल्टासाठीच्या १५४६२ क्रमांकाच्या मानकात २०१९ मधील सुधारणेने समाविष्ट झाली.

भारतातील उन्हात डांबरी रस्त्याचा पृष्ठभाग ६०° से.च्या वर जातो. तापमानातील प्रत्येक १०° से. वाढीबरोबर ऑक्सिडीकरणाचा वेग स्थूलमानाने दुप्पट होतो. त्यामुळे थंड देशांत बसविलेली वर्षे व तास यांची समीकरणे येथे जशीच्या तशी लागू पडत नाहीत. लहान कामांवर आणखी एक अडचण आहे. पिंपातील डांबर कढईत किंवा बॉयलरमध्ये लाकडाच्या जाळावर तापवितात, तेव्हा तापमापी क्वचितच लावलेला असतो. प्रमाणपत्रातील आकडा कारखान्याच्या फाटकाशी घेतलेल्या नमुन्याचा असतो. कढईत तासन्‌तास उकळून रस्त्यावर पडलेले अस्फाल्ट त्याहून किती जुने झालेले आहे, हे कामाच्या जागेवर घेतलेला नमुना तपासल्याखेरीज कळत नाही.